‘अंगावरून वारे जाणे’ : चलनक्रियेच्या मेंदूशास्त्राचा महाराष्ट्रातील इतिहास

१

एखाद्या माणसाची अर्धी बाजू अकस्मात लुळी पडली, की ‘त्याच्या अंगावरून वारे गेले’ असे म्हणण्याचा मराठीत प्रघात आहे. खानदेशातील दोंडाईचासारख्या बाजारपेठेच्या गावापासून मुंबईपर्यंत हा वाक्प्रचार सारखाच समजला जातो. भाषेच्या अभ्यासकास त्याची रचना लक्षणीय वाटावी. ह्या वाक्यातील कर्ता वारे हा आहे. माणूस हे केवळ ते वारे जेथून गेले ते स्थान होय. मेंदूचा त्यात उल्लेख नाही आणि त्या माणसाच्या इच्छेचाही नाही. ‘अर्धांगवायू’ व ‘कंपवात’ ह्या शब्दांत पुन्हा वायूच आहे. ‘पक्षाघात’ ह्या शब्दात एका बाजूवर कोसळलेला आघात आहे. ‘लकवा’ हा शब्द अरबीतून फारशीच्या मार्गे आला. यूनानी वैद्यकात त्याचा अर्थ तोंडाची एक बाजू वाकडी होणे एवढाच होता. मराठीत आल्यावर मात्र त्याने सर्व अंग व्यापले. ‘लुळा’, ‘पांगळा’, ‘थोटा’ ही विशेषणे तर थेट अवयवाकडे बोट दाखवितात. व्याधीचे मूळ कोठे आहे ह्याविषयीचा एकेक सिद्धांतच ह्या शब्दांत दडलेला आहे.

शब्द हेही इतिहासाचे साधन होय, ही दृष्टी इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ह्यांनी मराठी संशोधनास दिली. त्यांचे अखेरचे वास्तव्य धुळ्यास होते व तेथेच १९२६ मध्ये त्यांचे निधन झाले. त्या दृष्टीने पाहता मराठी व्याकरणात ह्या विषयाचा आणखी एक पुरावा सापडतो. ‘तो चालत नाही’ आणि ‘त्याच्याने चालवत नाही’ ही दोन वाक्ये एकार्थी नव्हेत. पहिल्यात चालण्याची अनिच्छाही असू शकेल. दुसऱ्यात इच्छा असून क्रिया घडत नाही, एवढेच सांगितले जाते. मोरो केशव दामले ह्यांनी ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त (१९११) ज्यांचा ‘शक्य क्रियापदे’ म्हणून विचार केला आहे, त्या वर्गातील हे रूप होय. वारे गेलेला मनुष्य स्वतःविषयी बोलू लागला म्हणजे ‘हात उचलवत नाही’ असेच म्हणतो. व्याधीचे कारण त्याच्या भाषेने शरीराबाहेर ठेवले असले, तरी इच्छा आणि चलन ह्यांमध्ये काही अंतर आहे व तेथेच काहीतरी बिघडले आहे, ही जाणीव तिच्या क्रियापदात आहे.

मेंदू हालचालीचे नियंत्रण कसे करतो ह्या संशोधनाचा इतिहास म्हणजे ह्या अंतराच्या शोधाचा इतिहास होय. हा शोध केवळ ज्ञानासाठी नाही. बिघाड कोठे आहे असे समाज मानतो, त्यावरून तो कोणते साहाय्य देऊ करतो हे ठरते. दोष अवयवात मानला तर काठी किंवा लोखंडी आधार पुढे येतो. इच्छेत मानला तर उपदेश आणि दटावणी. दैवात मानला तर नवस. मेंदूत मानला, तर मात्र काय करावयाचे ह्याचे उत्तर प्रत्येक व्याधीत वेगळे द्यावे लागते. ही उत्तरे महाराष्ट्रात कशी शोधली गेली आणि ती कोठवर पोचली, ह्याचा आलेख येथे मांडावयाचा आहे.

२

प्राचीन वैद्यकास ह्या व्याधी अपरिचित नव्हत्या. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील अठ्ठाविसावा अध्याय वातव्याधींचा आहे. शरीरातील सर्व गती वायूमुळे घडते आणि त्याच्या पाच भेदांपैकी व्यान हा सर्वांगी संचार करून हालचाल घडवितो, अशी आयुर्वेदाची उपपत्ती आहे. तिला अज्ञान म्हणून बाजूस सारणे उचित होणार नाही. अवयव स्वतः हलत नाही, त्यास हलविणारे काहीतरी दुरून संचार करीत येते, ही तिच्यातील कल्पना मूलतः योग्यच होती. हा संचार कोठून सुरू होतो व कोणत्या मार्गाने जातो, एवढे दाखविण्याचे साधन तिच्यापाशी नव्हते. भेलसंहितेने मनाचे स्थान मस्तक व टाळू ह्यांच्या मध्ये सांगितले आहे. तथापि मुख्य परंपरा हृदयासच चेतनेचे स्थान मानीत राहिली.

यूरोपातही हा मार्ग सरळ नव्हता. लंडनचे वैद्य जेम्स पार्किन्सन ह्यांनी १८१७ मध्ये सहा रुग्णांवरून कंपवाताचे वर्णन प्रसिद्ध केले. बुद्धी व संवेदना शाबूत असताना हालचाल मात्र मंदावते आणि हात विश्रांतीतही थरथरतो, हे त्यांचे निरीक्षण अचूक होते. परंतु व्याधीचे मूळ त्यांनी मानेजवळच्या मज्जेत असावे असा तर्क केला आणि तो चुकला. बर्लिन येथे फ्रिट्श व हिट्झिग ह्यांनी १८७० मध्ये कुत्र्याच्या मेंदूच्या पुढील भागास सौम्य विद्युत्प्रवाहाने स्पर्श केला, तेव्हा विरुद्ध बाजूचे पाय हलले. मेंदूच्या पृष्ठभागावर हालचालीचा एक विशिष्ट प्रदेश आहे, हे तेव्हापासून प्रयोगाने प्रस्थापित झाले. इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञ शेरिंग्टन ह्यांनी १९०६ च्या आपल्या ग्रंथात दाखविले, की मेंदूच्या निरनिराळ्या भागांतून येणारे सर्व आदेश अखेर मेरुरज्जूतील एकाच चेतापेशीपाशी एकवटतात आणि तेथून स्नायूकडे जातात. ह्या शेवटच्या वाटेस त्यांनी सर्वांचा अंतिम सामाईक मार्ग मानले.

कॅनडातील माँट्रिअल येथे वाइल्डर पेनफील्ड ह्यांनी अपस्माराच्या रुग्णांवर, ते जागे असतानाच, शस्त्रक्रिया केल्या आणि मेंदूच्या कोणत्या बिंदूस स्पर्श केला असता कोणता अवयव हलतो ह्याचा नकाशा तयार केला. बोल्ड्री ह्यांच्यासमवेत त्यांनी तो १९३७ मध्ये प्रसिद्ध केला. त्या नकाशात हाताचा अंगठा व ओठ ह्यांस मोठी जागा आहे आणि पाठीस अगदी थोडी. अवयवाचा आकार नव्हे तर त्याच्या हालचालीतील सूक्ष्मता तेथे मोजली जाते. पेनफील्ड ह्यांनी नोंदविलेली एक गोष्ट ह्या लेखाच्या दृष्टीने विशेष आहे. विद्युत्स्पर्शाने हात हलला, की रुग्ण म्हणत, तो आपण हलविला नाही, डॉक्टरांनी हलविला. हालचाल झाली, पण इच्छा तेथे नव्हती. लुळेपणात इच्छा असते, पण हालचाल होत नाही. ही दोन टोके जुळविणारी यंत्रणा ह्या दोन अनुभवांच्या मध्ये कोठेतरी होती.

३

महाराष्ट्रात ह्या विषयाकडे लक्ष वेधले ते प्रथम मेंदूमुळे नव्हे, तर पोलिओमुळे. पोलिओचा विषाणू शेरिंग्टन ह्यांच्या त्या अंतिम मार्गावरच घाला घालतो. मेरुरज्जूच्या पुढील बाजूच्या चेतापेशी मरतात; मेंदू आदेश देतो, परंतु तो स्नायूपर्यंत नेणारा कोणी उरत नाही. स्नायू सैल पडतो आणि वाळत जातो. अशा मुलाचा मेंदू पूर्णतः निरोगी असतो. ज्या थोड्या पेशी वाचल्या असतील त्यांना कामास लावणे, आखडणारे सांधे मोकळे ठेवणे आणि शरीराचा भार आधारावर तोलणे, हेच येथे साहाय्य होय.

ह्या कामास मुंबईत संस्थेचे रूप दिले ते श्रीमती फातिमा इस्माईल ह्यांनी. त्यांच्या लहान मुलीस पोलिओ झाला होता. मद्रासचे अस्थिशल्यविशारद डॉ. एम. जी. किणी ह्यांच्या उपचारांनी तिला गुण आल्यावर, हेच उपचार इतर मुलांनाही मिळावेत ह्या हेतूने त्यांनी १९४७ मध्ये मुंबईत उपचारकेंद्र उघडले. त्यासाठी डॉ. ए. व्ही. बाळिगा ह्यांनी आपल्याकडील जागा दिली. ह्या केंद्रातून वाढलेले कार्य पुढे हाजीअली येथे स्थिरावले. १९५५ मध्ये त्याच परिसरात अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था स्थापन झाली. त्याच दशकाच्या पूर्वार्धात के. ई. एम. रुग्णालयात भौतिकोपचाराचे, म्हणजे आज सर्वत्र रूढ असलेल्या फिजिओथेरपीचे, रीतसर शिक्षण सुरू झाले. भारतातील ह्या शाखेच्या शिक्षणाचा प्रारंभ हाच मानला जातो.

पोलिओने महाराष्ट्राला प्रशिक्षित हात दिले, असे म्हणावयास हरकत नाही. परंतु त्याने एक मर्यादाही घालून दिली. ‘अपंग’ म्हटले म्हणजे बारीक झालेला पाय आणि लोखंडी आधार हेच चित्र लोकांच्या व शासनाच्याही मनात रुजले. आदेश नेणारा मार्ग तुटणे आणि आदेश देणारा मेंदूच दुखावणे ह्या दोन अवस्था भिन्न आहेत, हे त्या चित्रात दिसत नव्हते. पक्षाघातात स्नायू सहसा वाळत नाहीत. ते ताठ होतात. जन्मतः मेंदूस इजा झालेल्या मुलाचे पाय कात्रीसारखे एकमेकांवर येतात, त्याचे कारण पायांत नसते. हा भेद ओळखणारे शास्त्र महाराष्ट्रात स्वतंत्रपणे उभे राहावे लागले. भारतात वन्य पोलिओचा अखेरचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. मेंदूजन्य विकलता मात्र लोकांचे आयुर्मान वाढले तशी वाढतच गेली.

४

१९५१ मध्ये मद्रास येथे भारतीय चेताविज्ञान परिषद स्थापन झाली, तेव्हा देशात ह्या विषयाचे शिक्षण घेतलेल्या तज्ज्ञांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी होती. त्याच सुमारास डॉ. राम गिंडे हे पेनफील्ड ह्यांच्या माँट्रिअल येथील संस्थेतून शिकून मुंबईस आले आणि त्यांनी मेंदूशल्यक्रियेस आरंभ केला. लंडन येथील शिक्षण आटोपून डॉ. नोशीर वाडिया १९५७ मध्ये परतले आणि त्यांनी ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय व जे. जे. रुग्णालय येथे चेताविज्ञानाचा विभाग उभा केला. मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात सर्व थरांतील व दूरदूरच्या जिल्ह्यांतील रुग्ण येत. यंत्रसामग्री अल्प होती. संशोधनाचे मुख्य साधन म्हणजे रुग्णाजवळ बसून केलेली तपासणी.

ह्या पद्धतीचे सर्वांत मोठे फळ १९७१ मध्ये हाती आले. वाडिया व आर. के. स्वामी ह्यांनी लंडनच्या ‘ब्रेन’ ह्या नियतकालिकात नऊ कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ह्या कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या एक व्याधी चालत आली होती. तीत चाल डगमगू लागते, बोलणे अडखळते, हातांतील नेमकेपणा जातो. लहान मेंदूच्या ऱ्हासाची अशी आनुवंशिक व्याधी पूर्वीही ज्ञात होती. नवीन होते ते एक लक्षण : ह्या रुग्णांची नजर एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूवर उडी घेऊ शकत नसे, ती संथपणे सरकत जाई.

ह्या लक्षणाचे महत्त्व समजण्यासाठी नजरेची हालचाल कशी होते हे पाहावयास हवे. वाचताना किंवा समोरच्या माणसांकडे पाहताना डोळे एकसारखे सरकत नाहीत. ते लहान लहान उड्या घेतात. शरीराच्या सर्वाधिक जलद हालचालींत ह्या उड्यांची गणना होते, आणि त्यांचा वेग सेकंदाला काही शे अंशांपर्यंत जातो. अशी उडी घडविण्यासाठी मस्तिष्कस्तंभातील विशिष्ट चेतापेशी क्षणमात्र अतिवेगाने संदेश सोडतात. त्या पेशी नष्ट झाल्या तर डोळ्यांचे स्नायू धडधाकट असूनही उडी घडत नाही. म्हणजेच वाडिया व स्वामी ह्यांच्या रुग्णांत ऱ्हास लहान मेंदूपुरता मर्यादित नव्हता. तो मस्तिष्कस्तंभातही पोचला होता. रुग्णाच्या डोळ्यांसमोर दोन बोटे धरून एकाकडून दुसऱ्याकडे पाहावयास सांगणे, एवढ्या तपासणीतून ही व्याधी इतरांपासून वेगळी काढता येऊ लागली.

पंचवीस वर्षांनी, १९९६ मध्ये, बाराव्या गुणसूत्रावरील एका जनुकात ह्या प्रकारच्या व्याधीचे मूळ सापडले. त्या जनुकातील तीन अक्षरांची एक जोडणी प्रमाणाबाहेर पुनरावृत्त होते. १९९८ मध्ये वाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा भारतीय घराण्यांची जनुकीय व लक्षणात्मक तपासणी त्याच नियतकालिकात मांडली आणि नजरेच्या मंद उड्यांचे निदानातील मूल्य दाखवून दिले. रुग्णशय्येजवळ केलेले निरीक्षण प्रयोगशाळेतील शोधाने खरे ठरले.

येथे एक प्रश्न टाळता येत नाही. ह्या संशोधनाने रुग्णास काय दिले? ऱ्हास थांबविणारे औषध नव्हते आणि आजही नाही. परंतु निदान निश्चित झाल्याने कुटुंबास भावी पिढीविषयी विचारपूर्वक निर्णय घेता येऊ लागला. उमेदीच्या वयात तोल जाणाऱ्या माणसावर ठेवला जाणारा मद्यपानाचा संशय दूर करण्यास शास्त्राचा आधार मिळाला. हा लाभ लहान नव्हे. तथापि जाणणे आणि बरे करणे ह्यांत अंतर असते, हेही ह्याच प्रकरणावरून दिसते.

५

जेथे जाणण्यातून उपचार निघाला, असे प्रकरण कंपवाताचे होय, आणि त्यात सातपुड्याच्या परिसरातील माणसास चांगली ओळखीची असलेली एक वनस्पती येते. खाजकुइलीच्या शेंगेवरील लवेने अंगाची आग होते, म्हणून तिच्यापासून सर्वजण दूर राहतात. संस्कृतात तिला कपिकच्छू किंवा आत्मगुप्ता म्हणतात. १९३७ मध्ये मद्रासचे दामोदरन्‌ व रामस्वामी ह्यांनी तिच्या बियांतून ‘लेव्होडोपा’ हे द्रव्य वेगळे केले. त्याचा कंपवाताशी काही संबंध असेल, ही कल्पना त्या वेळी कोणासही नव्हती.

हा संबंध उघडकीस येण्यास वीस वर्षांहून अधिक काळ लागला. स्वीडनमध्ये कार्लसन ह्यांनी १९५७ च्या सुमारास, डोपामिन हे मेंदूतील संदेशवाहक द्रव्य असल्याचे दाखविले. व्हिएन्ना येथे होर्निकीविच ह्यांनी १९६० मध्ये कंपवाताने मृत झालेल्यांच्या मेंदूतील गाभ्याच्या विशिष्ट भागात ह्या द्रव्याचे प्रमाण अत्यल्प असल्याचे सिद्ध केले. डोपामिन रक्तातून मेंदूत शिरत नाही. लेव्होडोपा मात्र शिरते आणि तेथे त्याचे डोपामिन होते. अमेरिकेत कोटझियास ह्यांनी १९६७ मध्ये ते तोंडावाटे मोठ्या मात्रेत दिले, तेव्हा वर्षानुवर्षे जखडलेले रुग्ण हिंडूफिरू लागले. शेरिंग्टन ह्यांचा अंतिम मार्ग ह्या रुग्णांत शाबूत असतो, मेंदूच्या पृष्ठभागावरील नकाशाही शाबूत असतो. हालचाल सुरू करणे आणि तिला योग्य परिमाण देणे, एवढीच कडी तुटलेली असते. ती रसायनाने सांधता आली.

ह्यानंतर मुंबईत डॉ. अशोक वैद्य व त्यांच्या सहकाऱ्यांनी खाजकुइलीच्या बियांचा कंपवाताच्या रुग्णांत प्रयोग केला आणि त्याचे निष्कर्ष १९७८ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे ह्याच बियांपासून सिद्ध केलेल्या चूर्णाची चाचणी साठ रुग्णांत बारा आठवडे झाली. तिचा वृत्तांत १९९५ मध्ये आला. २००४ मध्ये लंडन येथील आठ रुग्णांच्या नियंत्रित चाचणीत ह्या चूर्णाचा परिणाम रूढ गोळीपेक्षा लवकर सुरू होतो व अधिक काळ टिकतो, असे आढळले. आठ ही संख्या अल्प आहे. शिवाय बियांतील द्रव्याचे प्रमाण सारखे नसते, त्यामुळे ज्याची मात्रा निश्चित केलेली नाही असे चूर्ण स्वतःहून घेणे धोक्याचे आहे. तरीही जुन्या वैद्यकातील वनस्पती घेऊन तिला आजच्या कसोटीवर लावण्याची ही रीत अनुकरणीय मानावयास हवी.

मुंबईत ह्याच व्याधीची जनगणनाही झाली. भरुचा व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईच्या पारशी वसाहतींतील १४,०१० व्यक्तींची पाहणी केली आणि १९८८ मध्ये दर लाखी ३२८ असे कंपवाताचे प्रमाण नोंदविले. पारशी समाजात वृद्धांचे प्रमाण मोठे असल्याने हा आकडा सर्व महाराष्ट्रास लावता येणार नाही. परंतु आयुर्मान वाढले म्हणजे काय होणार, ह्याची ती पूर्वसूचना होती. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीपासून मुंबईत मेंदूच्या खोल भागात विद्युदग्र बसवून उत्तेजन देण्याची शस्त्रक्रियाही होऊ लागली. पेनफील्ड ह्यांचे विद्युद्दंड नकाशा काढण्यासाठी होते. हे विद्युदग्र उपचारासाठी शरीरात कायमचे राहतात.

६

औषध किंवा शस्त्रक्रिया ह्यांवाचूनही तुटलेल्या कडीला वळसा घालता येतो, हा ह्या इतिहासातील तिसरा टप्पा होय. कंपवाताचा रुग्ण सपाट जमिनीवर एकाएकी थबकतो, पण जमिनीवर आडव्या पांढऱ्या रेघा आखल्या तर त्या ओलांडीत चालू लागतो, हे ब्रिटिश चेतातज्ज्ञ पर्डन मार्टिन ह्यांनी १९६७ च्या ग्रंथात वर्णिले. आतून आपोआप सुरू होणारी चाल बंद पडली असता, डोळ्यांना दिसणाऱ्या खुणेच्या आधाराने मेंदू दुसरा मार्ग वापरतो. पुण्याच्या अभिकल्पक मिलेहा सोनेजी ह्यांनी २०१५ मध्ये एका जाहीर व्याख्यानात असाच अनुभव मांडला. कंपवाताने ग्रस्त असलेले त्यांचे काका सपाट जमिनीवर अडखळत, पण जिना सहज चढत-उतरत. त्यावरून त्यांनी जमिनीवर जिन्याचा आभास निर्माण करणारे चित्र अंथरले आणि काका त्यावरून न थांबता चालले. अशा उपायास लागणारा खर्च चित्राच्या कागदाचाच.

पक्षाघाताच्या क्षेत्रात अमेरिकेतील एडवर्ड टॉब ह्यांनी माकडांवरील प्रयोगांतून दाखविले, की दुखावलेला हात न वापरण्याची सवयच पुढे खरे लुळेपण बनते. त्यावर आधारलेल्या उपचारात धड हातावर मोजा चढवून दुबळ्या हातास कामास लावतात. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २२२ रुग्णांच्या चाचणीत दोन आठवड्यांच्या अशा सरावाचा लाभ वर्षभरानंतरही टिकलेला आढळला. मूळचे तमिळनाडूचे डॉ. व्ही. एस. रामचंद्रन ह्यांनी नव्वदीच्या दशकात आरशाचा उपाय पुढे आणला. आरसा मध्ये उभा धरून धड हात हलविला, की रुग्णास दुबळाच हात हलल्याचा भास होतो. आरंभी हा उपाय तुटलेल्या हाताच्या भासमान वेदनेसाठी होता. पुढे पक्षाघातातही त्याचा उपयोग होतो, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित परीक्षणांत दिसून आले.

बालकांतील मेंदूजन्य विकलतेविषयी मुंबईत झालेले कार्य ह्याच टप्प्यात मोडते. श्रीमती मिठू अलूर ह्यांनी १९७२ मध्ये तेथे अशा मुलांसाठी शिक्षणकेंद्र सुरू केले. ज्या मुलांचे बोलणे अस्पष्ट व हालचाल अनियंत्रित असते त्यांना मंदबुद्धी समजून शाळेबाहेर ठेवण्याची तेव्हाची रीत होती. इच्छा आणि चलन ह्यांतील अंतर न ओळखल्याचा हा सर्वांत अन्याय्य परिणाम होय. अलूर ह्यांची कन्या मालिनी छिब ह्यांनी एका बोटाने टंकलेखन करून आत्मचरित्र लिहिले. त्याचे नावच त्या बोटावरून आहे. एक बोट जरी मेंदूच्या ताब्यात असले तरी त्यातून सर्व भाषा व्यक्त होऊ शकते, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाने विसरू नये. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमात एकवीस प्रकारच्या विकलतांत मेंदूजन्य विकलता व कंपवात ह्यांचा स्वतंत्र उल्लेख आला. पोलिओच्या काळातील चित्र कायद्यापुरते तरी बदलले.

७

आता ह्या ज्ञानाच्या प्रसाराचा प्रश्न उरतो. दोंडाईचा हे सुरत–भुसावळ लोहमार्गावरील, मिरचीच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेले शिंदखेडा तालुक्यातील गाव. तेथून धुळ्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुमारे साठ किलोमीटरांवर आहे. रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध पक्षाघातानंतर साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि त्याआधी मेंदूची प्रतिमा घ्यावी लागते. रक्त न मिळालेल्या मेंदूतील सुमारे एकोणीस लक्ष चेतापेशी दर मिनिटास नष्ट होतात, असे गणित २००६ मध्ये मांडले गेले आहे. ‘वारे गेले’ ह्या शब्दांत ही घाई नाही. वारे येऊन गेले, आता शेकणे व चोळणे, असा अर्थ त्यातून निघतो. म्हणून ह्या वाक्प्रचाराचा प्रश्न केवळ व्युत्पत्तीचा राहत नाही. त्या पहिल्या साडेचार तासांचा होतो.

त्यानंतरचे महिने सरावाचे असतात. प्रशिक्षित भौतिकोपचारक दुर्मीळ असल्याने घरच्या माणसांनाच शिकवावे, असा विचार सयुक्तिक वाटतो. भारतातील चौदा रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर त्याची रीतसर परीक्षा झाली आणि निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ ह्या नियतकालिकात आले. कुटुंबीयांना शिकवून घरी सराव करविलेल्या रुग्णांत आणि नेहमीची सेवा मिळालेल्या रुग्णांत सहा महिन्यांनंतर फरक आढळला नाही. दोन्ही गटांत जवळजवळ निम्मे रुग्ण मृत किंवा परावलंबी होते. हा निष्कर्ष निराशाजनक खरा, पण मोलाचा आहे. कुटुंबाची माया हा प्रशिक्षित हातांचा पर्याय ठरत नाही, हे त्यावरून दिसते. पोलिओच्या काळात मुंबईत जे प्रशिक्षण सुरू झाले, ते तालुक्यापर्यंत नेण्याचे काम घरच्यांवर सोपवून शासनास मोकळे होता येणार नाही.

भाषाभ्यासकांच्या वाट्यास ह्यातील एक लहान भाग येतो. रुग्ण आपली व्याधी कोणत्या शब्दांत सांगतो, हे मराठीच्या व अहिराणीसारख्या बोलींच्या बाबतीत पद्धतशीरपणे टिपले पाहिजे. ‘जड झाले’, ‘मुंग्या आल्या’, ‘उचलवत नाही’, ‘ताबा राहिला नाही’ ह्यांतील प्रत्येक प्रयोग तपासणाऱ्यास काही निराळे सांगत असतो. त्याचप्रमाणे रुग्णास द्यावयाच्या सूचना संस्कृतप्रचुर परिभाषेत न देता त्याच्या तोंडी असलेल्या क्रियापदांत देणे आवश्यक आहे. वाडिया व स्वामी ह्यांचे संशोधन रुग्णाकडे लक्षपूर्वक पाहण्यातून निघाले; रुग्णाचे बोलणे तितक्याच लक्षपूर्वक ऐकण्याचे काम महाराष्ट्रात अद्याप पुष्कळसे व्हावयाचे आहे. खानदेशातील महाविद्यालयांनी ते आपल्या परिसरापासून सुरू करणे शक्य आहे आणि त्यासाठी मोठ्या यंत्रसामग्रीची जरुरी नाही.